उरलेल्या सुताचं पुढं काय होतं

शहापूर, वडगाव, खासबाग. बेळगावच्या या भागातल्या बऱ्याच गल्ल्यांत अजून यंत्रमाग चालतात. ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, संपत आला की शेवटचं हातभर सूत विणता येत नाही. नव्या ताण्याला सांधता आलं तर ते सांधतात, नाहीतर कापून बाजूला टाकतात. आडव्या सुताच्या कांड्यांवरही थोडंथोडं उरतंच. गुलाबी, जांभळा, हिरवा, सोनेरी असा तो सगळा गुंता पोत्यात भरून ठेवलेला असतो, आणि ओळखीच्या घरी मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. माझ्या घरातलं बरंचसं हातकाम या पोत्यापासून सुरू होतं.

सूत हातात आलं की आधी ते कशाचं आहे हे बघायचं. सुट्टीत माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी रंगांच्या आधी हे दाखवते. एक धागा चिमट्यात धरायचा आणि स्टीलच्या ताटलीवर जाळून बघायचा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर आधी आक्रसतो, मग वितळतो आणि टोकाला कडक काळा मणी ठेवून जातो. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास, आणि जे उरतं ते बोटांत चुरलं की भुगा होतं. ॲक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम लोकरीची, मात्र टणक गाठ होते. ही परीक्षा मला आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी शिकवली. मी पोत्यातून चकचकीत लड उचलली की त्या म्हणायच्या, "रंग बघून भुलूलालीस काय? जाळून बघ की आधी."

एवढी चौकशी कशासाठी, असं मुलींना सुरुवातीला वाटतं. पण पुढचं सगळं त्यावर ठरतं. सुती सुताची वात होते, भांडी धरायचं फडकं विणता येतं, वाकळेला, म्हणजे गोधडीला, दोरा म्हणून चालतं. पॉलिएस्टरची वात करायला गेलं तर ती ज्योतीबरोबर स्वतःच वितळून गळते. तेच पॉलिएस्टर साडीच्या पदराच्या गोंड्याला उत्तम, कारण ते सुळसुळीत राहतं, धुतल्यावर पिंजत नाही. मागवाल्या गल्ल्यांमधून अशा कितीतरी बायका आहेत, ज्या दुपारची कामं आटोपली की साडी गुडघ्यावर घेऊन पदराला गोंडे बांधत बसतात. त्यांच्या हातांचा वेग बघण्यासारखा असतो. त्या धागा डोळ्यांनी बघतही नाहीत, बोटांना कळतं.

लोकरीचं विणकाम बेळगावात टिकलं ते हवेमुळे. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर, पश्चिमेला सह्याद्री जवळच. जून ते सप्टेंबर पाऊस, आणि नोव्हेंबर लागला की सकाळी अंगात काहीतरी घालावंच लागतं. त्यामुळे आमच्या लहानपणी घरोघरी सुया असायच्या. त्यांचे नंबर जुन्या इंग्रजी मापाचे, म्हणजे नंबर वाढत गेला की सुई बारीक होत जाते. १० नंबरची सव्वातीन मिलिमीटर, १२ नंबरची पावणेतीन. स्वेटरची खालची पट्टी एक सुलट एक उलट अशी १२ वर घालायची म्हणजे ती आवळ बसते, आणि मग अंग १० वर विणायचं. नवीन लोकर घेऊन स्वेटर विणणं तेव्हा क्वचितच व्हायचं. मोठ्या भावाला आखूड झालेला स्वेटर उसवून, त्यात दुसऱ्या रंगाचे दोन गुंडे घालून, धाकट्याचा पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर व्हायचा.

उसवणं हे विणण्याइतकंच शिकण्यासारखं काम आहे, आणि ते आता कुणी शिकवत नाही याची मला हळहळ वाटते. आधी शिवण शोधून बाजू आणि खांदे सोडवायचे. मग विणकाम जिथे संपवलंय तिथून धागा ओढायचा. सुरुवातीच्या टोकाकडून ओढलं तर टाका टाक्यात अडकतो. निघालेला धागा कुरळा असतो. तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात मुरू द्यायची आणि न पिळता वाळत घालून खाली एखादं वजन अडकवायचं. खरी लोकर यातून सरळ होऊन बाहेर येते. ॲक्रिलिकचा कुरळेपणा पुरता जात नाही, आणि तो घालवायला गरम इस्त्री फिरवली तर धागा लुळा पडतो, पुन्हा ताणला तर जागेवर येत नाही.

दुकानात लोकर म्हणून मिळतं ते आता बहुतेक ॲक्रिलिकच. त्याला नावं ठेवायची एक पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. आमच्या पावसात खरा लोकरी स्वेटर एकदा भिजला की लवकर वाळत नाही, कुबट वास धरतो, आणि पेटीत ठेवला तर कसर लागते. ॲक्रिलिक रात्रीत वाळतं आणि कसर त्याला तोंड लावत नाही. शाळेच्या पोराच्या स्वेटरला तेच बरं. मात्र ते चुलीजवळ, ज्योतीजवळ नको. पेटलं तर ते अंगाला चिकटतं.

खरी लोकर आमच्याच जिल्ह्यात मेंढीच्या अंगावर फिरते आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चिकोडी, रायबाग, अथणीकडे धनगरांचे कळप आहेत. दख्खनी मेंढीची लोकर काळी, भरड आणि टोचणारी. तिचा स्वेटर होत नाही, पण घोंगडं होतं. सूत हातानं काततात, घोंगडी विणणारे सणगर ते खड्ड्याच्या मागावर विणतात आणि त्याला चिंचोक्याची खळ देतात. खळीमुळे घोंगडं ताठ राहतं आणि पावसाचं पाणी लवकर आत शिरू देत नाही. आता त्या लोकरीला गिऱ्हाईक कमी. माझ्या घरी एक जुनं घोंगडं आहे. त्याच्या विरलेल्या कडेचे तुकडे मी टाकले नाहीत. गरम पातेल्याखाली ठेवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, लोकर सहज पेट घेत नाही म्हणून.

क्रोशाकडे मी आले ती निपाणीच्या मावशीमुळे. निपाणी तंबाखूचं गाव. मावशी विड्या वळायची. पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, दोरा बांधणं, हे दिवसभर करून बोटं अशी तयार झालेली की संध्याकाळी क्रोशाची सुई धरली तर साखळी नुसती वाहायची. साखळी, मुका खांब, खांब, एवढ्या टाक्यांवर तिचं सगळं शास्त्र उभं होतं. नमुना कुठे लिहिलेला नसायचा. शेजारणीच्या तोरणाकडे दोन मिनिटं बघायची आणि घरी येऊन तसं विणायची. क्रोशाची खरी वीण कारखान्यातल्या यंत्रावर निघत नाही. बाजारात क्रोशाची म्हणून जी वस्तू खरोखर क्रोशाची असते, ती कुणीतरी हातानं विणलेली असते. ही गोष्ट कळल्यापासून मी अशा वस्तूच्या किमतीत घासाघीस करत नाही.

मावशीचं बहुतेक काम रुखवतासाठी असायचं. लोकरीचं तोरण, मोत्यांचं मोराचं जोडपं, काडेपेटीच्या काड्यांचं घर, फुटक्या बांगड्यांचं झुंबर, साबुदाण्याला रंग देऊन केलेली रांगोळी. यातलं कितीसं वापरात येतं? फार थोडं. वापरात येईल तेच करावं असं मी एरवी आग्रहानं म्हणते, पण रुखवताला मी त्यातून वगळते. लग्न ठरलेल्या मुलीसाठी गल्लीतल्या बायका महिना-दोन महिने जमून बसतात, त्यात कुणाचं माहेर कसं, कुणाच्या सासूनं काय म्हटलं, कुणी कसं निभावलं हे सगळं मुलीच्या कानावर पडतं. मांडवात टेबलावर मांडलेलं ते बायकांच्या एकत्र बसण्याचं सामान असतं. माझ्या शेजारच्या अक्कांनी मला पाकळ्यांचं तोरण शिकवलं तेही अशाच एका रुखवताच्या वेळी. त्या कन्नड बोलणाऱ्या, मला तेव्हा कन्नड जेमतेम कळायचं. त्या "हिंग माड्री", म्हणजे असं करा, म्हणत स्वतःची सुई हळू चालवायच्या आणि ओंदु, एरडु, मूरु मोजायच्या. मी मनात एक, दोन, तीन मोजायचे. पाकळ्या सारख्याच यायच्या.

वाकळेबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण माझा सगळा विचार तिथे येऊन थांबतो.

नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन ते इतकं मऊ व्हायचं की नेसायला विरलेलं, पण अंगावर घ्यायला त्याहून चांगलं काही नाही. अशी जुनेरं साठवायची. उन्हाळ्यात वाकळा शिवणाऱ्या बायका घरी यायच्या. अंगणात सावलीला एक धड लुगडं अंथरायचं, त्यावर फाटकी धोतरं, चादरी, झंपरांचे तुकडे असे थर लावायचे, वर दुसरं धड लुगडं. काठ काढून कडेला लावायचे, कारण वाकळ फाटते ती कडेनं. आणि मग दोघी-तिघींनी चारी बाजूंनी बसून, लांब सुई आणि जाड दोऱ्यानं धावटाके घालत कडेकडेनं आत यायचं. मधले तुकडे लहान असले तरी चालतात, पण उभं-आडवं बघून लावावे लागतात, नाहीतर धुतल्यावर वाकळेत गोळे होतात. शिवणारीला हे सगळं न बोलता ठाऊक असायचं.

खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात आणि पलीकडे हल्याळ, यल्लापूरकडे सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आणले गेलेले, पुष्कळसे पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून. सिद्दी बायका जी वाकळ शिवतात तिला कवंदी म्हणतात. तीही कडेनं सुरू होते आणि फिरत फिरत मध्यावर संपते. पण तुकडे बसवण्यात जी मोकळीक आहे ती आमच्या वाकळेत नाही. लाल तुकड्याशेजारी पिवळा, त्यावर निळी पट्टी, मोजमाप कुठे नाही आणि तरी सगळं जागच्या जागी. चारी कोपऱ्यांवर घड्या घालून, थरावर थर लावून शिवलेले छोटे तुकडे असतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसतील तर कवंदी उघडी, असं मानतात. त्या तुकड्यांचा उबेशी काही संबंध नाही. तरी काम पुरं झालं असं त्याशिवाय कुणी म्हणत नाही. आता या कवंद्या शहरांतल्या प्रदर्शनांत आणि परदेशातही जातात. त्यांना दाम मिळतो याचा मला फार आनंद आहे.

आमच्या गल्लीत मात्र वाकळ शिवणं जवळजवळ थांबलं. लोक म्हणतात, वेळ नाही, हौस नाही, ब्लँकेट स्वस्त मिळतं. हे खरं असेल, पण मला त्याहून मोठं कारण दिसतं ते जुनेरात. आता घराघरांतून निघणाऱ्या जुन्या साड्या पॉलिएस्टरच्या असतात. त्या विरत नाहीत, मऊ होत नाहीत, घाम टिपत नाहीत. थरावर थर ठेवला की सटकतो. सुई सरळ जात नाही. अशी वाकळ उन्हाळ्यात अंगाला चिकटते आणि थंडीत गार लागते. आज्जीच्या हातचं कसब माझ्या हातात जसंच्या तसं आलं असतं तरी या साड्यांची चांगली वाकळ मला शिवता आली नसती. घरातलं प्रत्येक हातकाम कुठल्या ना कुठल्या उरलेल्या वस्तूवर उभं असतं. ती वस्तू बदलली की कामही बदलावं लागतं. "जुन्या काळी बायका कशा करायच्या" असं म्हणत आजच्या मुलींना कमी लेखणाऱ्यांनी एकदा त्यांच्या कपाटातल्या साड्या हातात घेऊन बघाव्यात.

मेणाचं काम त्या मानानं बदललं नाही, कारण मेण तेच आहे. वीज सारखी जायची तेव्हा घरात मेणबत्त्यांची थोटकं साठायची. आता इन्व्हर्टर आले, पण वाढदिवस, नाताळ, कॅम्पातल्या चर्चला जाणाऱ्या मैत्रिणींची घरं, यांतून डबाभर थोटकं वर्षाकाठी सहज जमतात. मेणबत्तीचं पॅराफिन साधारण ५५ ते ६० अंश सेल्सियसला वितळतं. ते थेट गॅसवर ठेवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचा डबा. पाणी उकळून उकळून शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे मेण पेट घेण्याइतकं तापत नाही. तरीही कधी पेटलंच तर झाकण टाकून गॅस बंद करायचा. पाणी ओतायचं नाही, पाण्याची क्षणात वाफ होऊन जळतं मेण चौफेर उडतं. आणि उरलेलं मेण मोरीत ओतायचं नाही, ते आत जाऊन घट्ट बसतं. मुलींकडून हे मी पुन्हा पुन्हा म्हणवून घेते.

वातीला पोत्यातलं सुती सूत. तीन पदरांची वेणी घालायची. वेणीची ही युक्ती १८२५ मध्ये फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी काढली. त्याआधी वात नुसती पिळलेली असे, तिचं जळकं टोक ज्योतीत उभं राही आणि धूर करी, ते सारखं कातरावं लागे. वेणीची वात जळताना कलते, टोक ज्योतीच्या कडेला येतं आणि तिथे जळून जातं. वात करण्याआधी पेलाभर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि दोन चमचे टाकणखार विरघळवून त्यात सूत रात्रभर भिजवायचं आणि कडकडीत वाळवायचं. मग वेणी, मग वितळलेल्या मेणात बुडवून सरळ वाळत ठेवायची. मेण थंड होताना आक्रसतं, वातीभोवती खळगा पडतो. तो पडू द्यायचा आणि थोडं मेण मागे ठेवून त्यात भरायचं. रंगासाठी मुलं मेणखडू घालायला बघतात. खडूतले रंगाचे कण वातीत अडकतात आणि ज्योत मरते, म्हणून ते नको.

साचा म्हणून करवंटी झकास. आणि खानापूरच्या मातीच्या पणत्या. खानापूरची माती कुंभारकामाला नावाजलेली, तिथे खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही आहे. इथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. तेलाची पणती लावायची तर ती आधी पाण्यात भिजवतात, म्हणजे माती तेल पीत नाही. मेण ओतायचं असेल तर पणती उन्हात पुरती वाळलेली हवी, ओल राहिली तर ज्योत तडतडते. पणती तीच, सोबतची वस्तू बदलली की रीत उलटी. इकडे शाळांना दसऱ्याची सुट्टी मोठी आणि दिवाळीची लहान, म्हणून हे काम आम्ही दसऱ्यातच उरकतो. दिवाळीत पोरं किल्ल्यांच्या मागे असतात. गोणपाट, विटा, लाल माती, वर मोहरी पेरून उगवलेलं गवत. सण संपल्यावर त्यातलं जवळजवळ सगळं परत मातीत जातं.

प्लॅस्टिकचं तसं नाही. कर्नाटकात २०१६ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या, फ्लेक्स, थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आली, २०२२ च्या १ जुलैपासून एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर. तरी घरात प्लॅस्टिक येतंच. बाटलीला सोनेरी रंग फासायचा, चमकी लावायची, टिकल्या चिकटवायच्या आणि फुलदाणी म्हणायची, हा प्रकार मला मनापासून नकोसा वाटतो. साधी बाटली भंगारवाल्याकडे जाऊन तिचं पुन्हा काहीतरी झालं असतं. रंग, डिंक, चमकी लागल्यावर ती कुणी घेत नाही. आपण तिचा पुढचा रस्ता बंद केलेला असतो. त्यापेक्षा दुधाच्या पिशव्या बघा. आमच्याकडे नंदिनीच्या पिशव्या रोज निघतात. कोपऱ्याचा कापलेला तुकडा पिशवीला लागूनच ठेवायचा, पिशवी धुऊन वाळवायची, गोल गोल कापत एक सलग पट्टी काढायची आणि जाड क्रोशाच्या सुईनं विणायची. भाजीची पिशवी होते, ओली कोथिंबीर ठेवा, मासे आणा, धुऊन टांगली की झालं. वायरच्या पिशव्या विणणाऱ्या बायकांना हे लगेच जमतं, हात तोच.

पॉलिएस्टर साड्यांचा विचार मी असाच करते आहे. वाकळ होत नाही हे मान्य करून दुसरं काय होईल ते बघायचं. सध्या त्यांची बस्करं, म्हणजे बसायची आसनं, करते. साडी लांबीनं फाडून चार बोटं रुंद पट्ट्या काढायच्या, तीन पट्ट्यांची घट्ट वेणी घालायची, पट्टी संपत आली की दुसरी आत दुमडून टाका मारायचा. मग वेणी चपटी ठेवून गोल गुंडाळत जायचं आणि प्रत्येक फेर आधीच्या फेराला खालून शिवायचा. पायपुसणं म्हणून ते चालत नाही, कारण पाणी टिपत नाही. बसायला मात्र छान, कारण तोच साडीचा न विरण्याचा, न चुरगळण्याचा गुण इथे कामाला येतो. फेर ताणून शिवला तर बस्कर वाटीसारखं वर उचललं जातं, सैल ठेवला तर कडेला झालर पडते. हात मधे कुठे थांबायचं ते दुसऱ्या-तिसऱ्या बस्करानंतर ओळखू लागतो. शिवायला दोरा नायलॉनचा घ्यावा, सुती दोरा साडीच्या आधी तुटतो. काठ असेल तर तो शेवटच्या दोन फेरांसाठी राखून ठेवावा. परवा अक्कांनी त्यांच्या सुनेच्या लग्नातल्या साड्यांची एक पिशवी आणून दिली आहे, त्यात एक जांभळी आहे हिरव्या काठाची. ती मी आधी घेणार आहे.